घाट चढून तलावापर्यंत : मेळघाटात स्कूबाचं सामान नेताना

मालवण-तारकर्लीला सिलेंडर संपला की किनाऱ्यावर दुसरा भरलेला तयार असतो. मेळघाटातल्या तलावावर तसं नाही. परतवाडा सोडल्यावर वाटेत कुठे श्वासाची हवा भरून मिळेल असं धरून निघू नये. जितकी हवा खालून वर नेली तितकीच तुमच्याकडे असते. ती गळली, एखादी ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) खडीच्या रस्त्यावर उडाली किंवा रेग्युलेटरमध्ये (सिलेंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) धूळ शिरली, तर काम तिथेच थांबतं. शिवाय घाट चढताना शरीरावरचा हवेचा दाबही बदलतो. त्यामुळे सामानाची गाडी आणि पाण्यातला डाइव्ह यांचं नियोजन एकाच कागदावर करावं लागतं.

आपल्याकडे सिलेंडर घेऊन डोंगरातल्या तलावावर जातात ते बहुतेक कामासाठीच. धरणाच्या विमोचकाची (पाणी सोडायच्या मार्गाची) झडप अडकते, पाणीपुरवठ्याच्या इंटेकची (पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाची) जाळी गाळाने भरते, किंवा पाण्यात हरवलेल्या माणसाचा शोध घ्यायचा असतो. झडपेचं किंवा इंटेकचं काम असेल तर विसर्ग आणि पंप आधी बंद करून चावी आपल्या माणसाच्या हातात घ्यावी. चालू विमोचकाच्या तोंडाशी पाण्याची ओढ माणसाला चिकटवून धरते, आणि ती अंगबळाने सुटत नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याचं लेखी पत्र लागतं. तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याचंही लागतं, मग तो जलसंपदा विभाग असो, जिल्हा परिषद असो की नगर परिषद. तिसरा माणूस लोक विसरतात. तलाव मासेमारीच्या ठेक्यावर असेल तर त्या संस्थेला दोन दिवस आधी सांगून जाळी उचलून घ्यायला लावा. गढूळ पाण्यात नायलॉनचं तंगूसाचं जाळं दिसतच नाही. ज्या पाण्यात मगर आहे, उदाहरणार्थ ताडोब्याचा तलाव, तिथे उतरण्याचा विचारच नको. लोणारचं पाणी खारं आणि अतिशय अल्कधर्मी आहे, शिवाय ते अभयारण्य आहे. तेही सोडून द्यावं.

आता वजन. पाण्यात काम करणारे दोघं, काठावर पूर्ण तयारीत बसलेला तिसरा आणि दोर धरणारा चौथा, एवढी माणसं कमीत कमी धरा. दिवसाला दोन डाइव्ह म्हणजे चार सिलेंडर, काठावरच्याचा एक आणि राखीव एक, असे सहा. आपल्याकडे सर्रास मिळणारा ॲल्युमिनियमचा ११.१ लिटरचा सिलेंडर झडपेसकट आणि २०० बार हवेसकट (बार हे दाबाचं माप, समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार) सतरा-अठरा किलोचा होतो. त्यातली हवाच पावणेतीन किलोच्या आसपास असते. सहांचे झाले शंभर-एकशेपाच किलो. प्रत्येकी बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) साडेतीन, रेग्युलेटरचा संच तीन, वेटसूट (पाण्यातला रबरी पोशाख) तीन, फिन्स-मास्क-बूट तीन आणि बुडण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं चार-पाच किलो. तिघांचे पन्नास किलो. वैद्यकीय ऑक्सिजनचे दोन बी-टाइप सिलेंडर, प्रत्येकी पंधराच्या पुढे. दोर, बोया, ताडपत्री, हत्यारं, पिण्याचं पाणी मिळून तीस. एकूण दोनशे किलो पार होतं, आणि हे सगळं शेवटच्या किलोमीटरवर कुणाच्या तरी खांद्यावरून जायचं असतं.

शिशात थोडी बचत होते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं. सामानासकट शंभर किलोच्या माणसाला तलावात समुद्रापेक्षा सुमारे अडीच किलो शिसं कमी लागतं, तेवढं घरी ठेवा. मात्र ॲल्युमिनियमचा सिलेंडर रिकामा होत आला की तरंगायला लागतो. म्हणून वजनाची चाचणी ५० बार उरलेल्या सिलेंडरवर घ्यावी, भरलेल्यावर नाही. दोर तळाशी रोवायला लोखंडाचा नांगर वर नेऊ नका. बारदानाच्या पोत्यात काठावरचे काळे दगड भरले की काम होतं. आपला काळा दगड पाण्यात साधारण एक-तृतीयांश वजन गमावतो. पंधरा किलो ओढ हवी असेल तर तेवीस-चोवीस किलो दगड भरा. कमरेच्या पट्ट्यात मात्र शिसंच हवं. दगडाची थैली अडचणीच्या क्षणी एका झटक्यात सोडता येत नाही.

सिलेंडर भरायला देण्याआधी खांद्यावर कोरलेल्या खुणा वाचा. भारतात हे सिलेंडर पेसोच्या (केंद्र सरकारची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) मान्यतेखाली येतात, आणि पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या तपासणीची) मुदत उलटलेला सिलेंडर कुणी भरून देत असेल तरी घेऊ नका. रेल्वेत गॅसचा सिलेंडर सामान म्हणून चालत नाही, रिकामासुद्धा. एसटीतही नेऊ नये. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हाच मार्ग.

भरताना घाई झाली की सिलेंडर तापतो आणि काट्यावर खोटा आकडा दिसतो. ५० अंशांना तापलेल्या सिलेंडरात २०० बार दिसले, तर तो २५ अंशांवर आल्यावर १८४-८५ च उरतात. म्हणून भरल्यावर रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा टॉप-अप करून घ्यावा. हाच हिशोब घाटावर उलटा घाबरवतो. खाली ३० अंशांत २०० बार दाखवणारा सिलेंडर डिसेंबरच्या पहाटे चिखलदऱ्याला ८ अंशांत १८५ दाखवतो. ती गळती नसते. गळती ओळखायची साधी रीत अशी : सहाही सिलेंडरांचे आकडे निघताना खडूने अंगावर लिहा आणि पोचल्यावर पुन्हा मोजा. सगळे सारखेच उतरले असतील तर थंडी, एकच जास्त उतरला असेल तर त्याची झडप. तो घमेल्यात पाणी घेऊन तोंडाकडून बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. मानेच्या ओ-रिंगमधून येत असतील तर जागेवर दुरुस्ती नाही. तो सिलेंडर बाजूला काढा आणि एक डाइव्ह कमी करा.

गाडी. घाटात बोलेरो पिकअप सगळ्यात सोयीची. विदर्भात भाड्याच्या पिकअपमध्ये काल युरियाची पोती नाहीतर फवारणीचं औषध गेलेलं असतं. हौदा साबणाने धुऊन पूर्ण वाळवून घ्या. तोंडात धरायच्या रबराला तो वास धरतो आणि जात नाही, आणि खताचं ओलं पाणी ॲल्युमिनियम खातं. धुतलेल्या हौद्यात १२ मिलिमीटरचं प्लायवूड, वर रबरी मॅट. सिलेंडर गाडीच्या रुंदीत आडवे ठेवावेत. लांबीत ठेवले तर चढावर मागे आणि ब्रेकला पुढे सरकतात, आणि पुढे सरकलेल्या अठरा किलोच्या नळकांड्याला कॅबिनचा पत्रा अडवू शकत नाही. आडवे ठेवल्यावर ते गडगडू शकतात, म्हणून दोन्ही टोकांना प्लायवूडमध्ये लाकडी पाचरी ठोका. सगळ्या झडपा एकाच बाजूला, आणि झडप व हौद्याची भिंत यांत वीतभर अंतर. त्या फटीत बारदान दाबून बसवा. एकाची तळाची बाजू दुसऱ्याच्या झडपेशी आली तर धक्क्याने झडपेची चाकी हळूहळू फिरते आणि सिलेंडर वाटेतच रिकामा होतो.

बांधायला रॅचेट पट्टे हवेतच, दोन सिलेंडरांमागे एक. त्यांच्यावरून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळा. नायलॉनचा दोर ओला झाला की सैल पडतो, ट्यूब मात्र ताण धरून ठेवते आणि सिलेंडरचा खडखडाटही थांबतो. पहिल्या दहा किलोमीटरनंतर एकदा आणि घाट सुरू होण्याआधी परतवाड्यात एकदा उतरून पट्टे तपासा. उन्हाळ्यात वर ताडपत्री घालून खाली हवा खेळती ठेवा. सिलेंडर उन्हाने फुटेल ही भीती नको. उन्हाने आधी मरतात ती नाजूक अंगं : बीसीडीचे चिकटवलेले सांधे, मास्कची कड, डाइव्ह कॉम्प्युटरची (खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्राची) बॅटरी. ती पुढे पायाशी सावलीत ठेवा.

रेग्युलेटर प्रवासात सिलेंडरला कधीही जोडलेला नसावा. झाकण घट्ट बसणाऱ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये तो टॉवेलात गुंडाळून ठेवावा, नळ्यांचं वेटोळं फूटभर व्यासाचं, त्याहून आवळू नये. गावाकडे सामान दचकू नये म्हणून कुटार घालायची सवय आहे. इथे कुटार नको, तणसही नको. सेकंड स्टेजच्या (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) पातळ रबरी पडद्याखाली कुटाराची एक काडी गेली की प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याचे थेंब तोंडात येतात. जुनी गोधडी चालते. फर्स्ट स्टेजची (सिलेंडरला लागणारा भाग) धूळटोपी कोरडी करून घट्ट लावा, आणि टोपी लावण्याआधी ती सिलेंडरच्या हवेने फुंकू नका. त्या झोतात झडपेच्या तोंडाशी अडकलेलं पाणी आत ढकललं जातं.

रेग्युलेटर सिलेंडरला दोन रीतींनी लागतो : योक म्हणजे झडपेवर आवळायची पकड, डिन म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची जोडणी. जमत असेल तर योकऐवजी डिन घ्या. योकमध्ये ओ-रिंग झडपेच्या उघड्या तोंडावर बसलेली असते, धक्क्याने नाहीतर फांदी लागून पडते. डिनमध्ये ती रेग्युलेटरच्या बाजूला आटे असलेल्या भागावर असते. ओ-रिंगची डबी वजनाला काहीच नाही, तरी तीच विसरली जाते. योकसाठी ०१४ क्रमांकाच्या दहा, डिनसाठी ११२ च्या सहा, लो-प्रेशर पोर्टसाठी ०११ च्या सहा, हाय-प्रेशर पोर्टसाठी ०१२ च्या चार. बरोबर सिलिकॉन ग्रीस, ॲलन कीचा संच, दोन पाने, आणि ओ-रिंग काढायला पितळेची टोकदार काडी. सुईने काढायला गेलं की खाचेवर ओरखडा उमटतो आणि नवी ओ-रिंगही गळते.

पाहण्यासारखा प्रश्न : कॉम्प्रेसर वर नेला तर? मिनिटाला १०० लिटरचा छोटा पेट्रोल कॉम्प्रेसर दोन माणसं उचलू शकतात. ५० बारवरचा ११.१ लिटरचा सिलेंडर २०० पर्यंत न्यायला त्याला सोळा-सतरा मिनिटं लागतात, चिखलदऱ्याच्या विरळ हवेत अठरा-एकोणीस. दोन दिवसांहून जास्त काम असेल आणि गाडी काठापर्यंत जात असेल तरच तो परवडतो. त्याचं हवेचं तोंड वारा येतो त्या दिशेला, इंजिनाच्या धुरापासून लांब आणि उंचावर हवं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड सिलेंडरात गेला तर त्याला वास नसतो आणि खोलीवर त्याचं विष वाढतं. वारा फिरला की तोंडही फिरवा, शेजारी चूल पेटवू देऊ नका. फिल्टरचं आयुष्यही उन्हाळ्यात झपाट्याने घटतं, कारण ४० अंशांची दमट हवा २० अंशांच्या हवेच्या तिप्पट पाणी धरू शकते. पुस्तिकेतले तास थंड हवेसाठी लिहिलेले असतात. एका दिवसाच्या कामाला आमचं मत सरळ आहे : कॉम्प्रेसर खाली, दोन सिलेंडर जास्त वर.

गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढे तीन साधनं. ट्रॅक्टरची ट्रॉली सगळ्यात वाईट, तिला स्प्रिंग नसते आणि रिकामी असली तर दगडावरून उडते. बंडी (बैलगाडी) हळू जाते, पण सामान सुखरूप पोचतं. खाली पोती टाकून सिलेंडर जुवाच्या जवळ बांधा. तिसरं म्हणजे माणसाचा खांदा. कावडीला दोन टोकांना एकेक सिलेंडर म्हणजे पस्तीस किलो, सपाट बांधावर ते निघतं, दगडी उतारावर नाही. उतारावर दोघांनी एक बांबू आणि मधे एकच सिलेंडर. बांधताना दोन फास, एक खांद्याखाली आणि एक तळाच्या वर. झडपेला किंवा चाकीला दोर कधीच नाही. एकट्याने न्यायचा तर बीसीडीला लावून पाठीवर घ्यावा, कमरेचा पट्टा आवळावा, झडपेवर टोपी आणि वर जाड फडकं. सागाची-बांबूची फांदी नेमकी तिथेच अडकते. ओझी नेणाऱ्या कोरकू भावांना आधी एक भरलेला आणि एक रिकामा सिलेंडर दाखवून चाकी कुठली ते समजावून सांगा. चाकीवर लाल चिकटपट्टी असली की नव्या माणसाचाही हात तिथे जात नाही. मजुरी खेपेवर न ठरवता दिवसावर ठरवा. खेपेवर ठरवली की माणूस दोन सिलेंडर एकदम उचलतो.

आता घाट. चिखलदरा १११८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८८ टक्के असतो. ३०० मीटरच्या वरचा प्रत्येक डाइव्ह उंचीवरचा धरतात, म्हणजे विदर्भातल्या सपाट भागातलेही बरेच तलाव त्यात येतात. चिखलदऱ्याच्या पाण्यात १८ मीटर गेलात तर समुद्राच्या तक्त्यात (कुठल्या खोलीवर किती वेळ थांबता येतं ते सांगणाऱ्या) ती खोली २० मीटर होते. तक्ता वापरताना पुढची ओळ घ्या, २१ ची. वर येताना घ्यायचा पाच मीटरचा सुरक्षा-थांबा साडेचार मीटरवर येतो. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. काट्याचा जुना डेप्थ गेज समुद्रसपाटीच्या दाबावर शून्य लावलेला असतो, तो इथे खरी खोली कमी दाखवतो. एक मीटरच्या गाठी मारलेला दोर त्याच्यापेक्षा खात्रीचा. काही डाइव्ह कॉम्प्युटर उंची आपोआप ओळखतात, काहींना हाताने सांगावी लागते. कुठलाही असो, पाण्यात शिरण्याआधी काठावर चालू करून त्यावरची उंची वाचा.

अमरावतीहून पहाटे निघालेला माणूस अडीच तासांत पाऊण किलोमीटर वर चढलेला असतो, पण त्याच्या शरीरात खालच्या दाबाचा नायट्रोजन तसाच असतो, आणि दाब एकदम कमी झाला की शरीरात त्याचेच बुडबुडे होऊन त्रास होतो. गाडीतून उतरून लगेच पाण्यात जाणं म्हणजे एक डाइव्ह आधीच झाल्यासारखं आहे. सहा तास थांबावं. त्यामुळे सगळ्यात सोपा बेत म्हणजे आदल्या संध्याकाळी वर मुक्काम. सामान रात्री थंड होतं, आकडे सकाळी खरे कळतात, आणि शरीरही जुळवून घेतं.

याच्या उलट चूक जास्त घातक आहे. पायथ्याच्या शहानूर, चंद्रभागा किंवा वान धरणावर काम करायचं आणि मुक्कामाला चिखलदऱ्याला चढायचं. पायथा आणि चिखलदरा यांत सहाशे मीटरपेक्षा जास्त फरक आहे. डाइव्हनंतर विमानात न बसण्याचा जो नियम आहे, तोच घाटालाही लावावा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर-सुरक्षेच्या संस्थेचा सल्ला एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्यावर किमान १८ तास थांबण्याचा आहे. पायथ्याचं काम असेल तर मुक्काम परतवाड्यात, अंजनगावात किंवा अकोटात करा.

ऑक्सिजनचं नियोजनही याच हिशोबात बसतं. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, हातापायांना मुंग्या, चक्कर, लघवी अडकणं यांपैकी काहीही डाइव्हनंतर दिसलं तर माणसाला आडवं करून १०० टक्के ऑक्सिजन सुरू करायचा. बी-टाइप सिलेंडरात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १५ लिटरने तो शंभर मिनिटं पुरतो. चिखलदऱ्याहून अमरावती गाठायला तेवढा अपुरा पडू शकतो, म्हणून दोन न्या. किल्ली आणि फ्लोमीटर सिलेंडरलाच बांधून ठेवा. वरून खाली अमरावतीकडे उतरणं रुग्णाच्या हिताचं आहे. पण काम धारणीच्या बाजूला असेल तर परतवाड्याला येताना मधे घाट चढावा लागतो, आणि चढल्याने त्रास वाढतो. तिकडच्या कामासाठी कमी चढाचा रस्ता आणि तिथलं रुग्णालय आधीच ठरवा. मेळघाटात मोबाइलची रेंज सलग नाही. रेंज कुठे लागते ती जागा पहिल्याच दिवशी शोधून ड्रायव्हरला दाखवा. वनखात्याचे नाके कधी बंद होतात तेही विचारून घ्या.

हवेचा हिशोब निघण्याआधी असा करावा. माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. चिखलदऱ्याच्या उंचीवर १० मीटर खाली एकूण दाब सुमारे १.८७ बार, म्हणजे मिनिटाला ३७ लिटर. स्वच्छ पाण्यात २०० वरून ५० बारपर्यंत १६६५ लिटर मिळतात, पंचेचाळीस मिनिटं. पण काळ्या मातीच्या गाळात हात लागला की हातभरही दिसत नाही, खाली बुडालेल्या बाभळी असतात. तिथे तिसऱ्या हिश्शाचा नियम : एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. म्हणजे वीस मिनिटं काम आणि वीस मिनिटं परत. थंडीने खाल्लेले १५ बार यातूनच वजा होतात. पाणी निवळायला दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सगळ्यात बरे. पावसाळ्यात ही सगळी मेहनत गढुळात जाते.

काठावर ताडपत्री आधी, मग सामान. काळी माती वेटसूटच्या चेनमध्ये शिरली की चेन फाटते. सामान उतरवण्याचा क्रम उलटा लावलेला असावा. ऑक्सिजन आणि दोर सगळ्यात शेवटी गाडीत चढतात, म्हणजे काठावर सगळ्यात आधी उतरतात.

परतताना सिलेंडर पूर्ण रिकामा करू नये, २०-३० बार ठेवावेत. रिकाम्या सिलेंडराची झडप उघडी राहिली तर ओलसर हवा आत जाते आणि आतून गंज धरतो. वापरलेल्याच्या झडपेवर चिकटपट्टीची फुली मारा, नाहीतर पुढच्या वेळी तोच भरलेला समजून वर जातो. ओला वेटसूट दोन-तीन किलोने जड होतो. तो निथळू द्या, तेवढ्यात बीसीडीतलं पाणी उलटं करून काढा आणि पट्ट्यांमध्ये अडकलेले शेवाळाचे, जलपर्णीचे तुकडे त्याच काठावर वेचून टाका. ते तसेच राहिले तर पुढच्या कामाला भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात जातात, आणि तिथे कुणीतरी शिंगाडा लावलेला असतो.